समासातलं ‘असू दे’

७ जानेवारी

प्रिय धाकट्या,

आशीर्वाद लिहायला पेन उचललं होतं. पण तीन वर्षं न बोलणाऱ्या भावाला कुठल्या तोंडानं आशीर्वाद द्यायचे, म्हणून नुसतं ‘प्रिय’वर थांबलो. फोन तू उचलणार नाहीस. दारात आलो तर तुझी बायको चहा टाकील आणि तू मागच्या खोलीत जाऊन बसशील. पत्राचं बरं असतं, ते निदान टेबलावर पडून राहतं.

इकडे सगळं ठीक. छापखाना बंद होऊन दीड वर्ष झालं. त्या जागेत आता चष्म्याचं दुकान आहे. माझं टेबल होतं त्या खिडकीशी डोळे तपासायची खुर्ची मांडलीय. गेलो होतो तिथं, नंबर वाढलाय. दुकानदार म्हणाला, “काका, शेवटची ओळ वाचा.” मी वाचली आणि वर सांगितलं, की यातलं तिसरं अक्षर जरा तिरकं बसलंय. तुझी वहिनी म्हणाली, “यांना स्वर्गात नेलं तरी दारावरच्या पाटीत चूक काढतील.”

‘दादा, मुद्द्यावर ये,’ म्हणत असशील. येतो.

परवा बाजारात तुझी बायको भेटली. भाजीची पिशवी या हातातून त्या हातात करत उभी राहिली, आणि मी तुमच्या बारकीच्या लग्नाचं विचारल्यावर तिचे डोळेच भरून आले. बारकीनं त्या शिक्षकाला नाही म्हटलं म्हणे. चार वर्षांची ओळख, दोन्ही घरं राजी, आणि ही ऐन वेळी नाही म्हणते. “ती म्हणते, आमच्या घराण्याच्या रक्तात दोष आहे. बाबांकडून तो माझ्यात आला असणार आणि माझ्याकडून पुढे जाणार. मला ना तपासायचंय, ना कुणाच्या गळ्यात पडायचंय. दादा, तुम्ही तरी समजवा तिला. तुमचं ऐकेल ती, तुम्ही शिकलेले.”

मी मान हलवली आणि टोमॅटो निवडायला लागलो. चांगले अर्धा तास टोमॅटो निवडले.

बारकीला म्हणावं, त्या मुलाला अजून शेवटचं काही सांगू नकोस. पंधरा दिवस थांब. का, ते मी लिहितो.

दादा

१६ जानेवारी

प्रिय धाकट्या,

तुझं उत्तर नाही. पण पत्र परतही आलं नाही, मी तेवढ्यावर खूश आहे.

बारकीचं सांगायचं तर आधी बाबांचं सांगायला हवं, आणि ते मी तुला कधी नीट सांगितलेलं नाही. बाबांची पाठ दुखायला लागली तेव्हा तू पोहणं शिकवायचं प्रशिक्षण घ्यायला बाहेरगावी होतास. ते वर्षभर दुखणं अंगावर काढत होते. रोज सकाळी खुर्चीतून उठताना टेबलाची कड धरायचे, आणि मी समोर बसून प्रुफावरची मान न उचलता म्हणायचो, “वय झालं बाबा. दुखणारच.” एकदा मलम आणून दिलं होतं. ते मलम चोळून घ्यायचे आणि ‘बरं वाटतंय’ म्हणायचे, मला बरं वाटावं म्हणून.

डॉक्टरांनी फोटो दिव्यासमोर धरला तेव्हा मणक्यावर ठिपकेच ठिपके दिसले. प्रोस्टेटमधून निघून हाडात जाऊन बसलेला कॅन्सर. तू आलास तेव्हा मी सांगितलं, अचानकच झालं सगळं. अचानक काही नव्हतं. लोकांच्या पुस्तकातली काना-मात्रा ज्याच्या नजरेतून सुटत नाही असा माझा लौकिक, आणि घरातल्या माणसाची पाठ मी वर्षभर वाचली नाही.

त्यानंतर माझं काय झालं ते तू पाहिलंयस. माझं रक्त तपासलं, आणि सल्लागार बाई म्हणाल्या की बाबांच्या रक्तातला एक दोष माझ्यात उतरलाय. हा दोष पुरुषांत प्रोस्टेटला, बायकांत छातीला आणि अंडाशयाला धरतो. “तुमच्या भावात असण्याची शक्यता निम्मी,” असं त्या म्हणाल्या. निम्मी म्हणजे नाणं वर उडवल्यासारखं. मी नाणं खाली पडूच दिलं नाही. हवेतच धरलं आणि ‘आहे’ म्हणून मोकळा झालो.

मग तुला ओढत नेलं. तुझ्या रक्तातला प्रोस्टेटचा आकडा जरा वर निघाला, मग सुया टोचल्या, बारा तुकडे काढले, आणि त्यातल्या एका तुकड्यात तांदळाच्या कणीएवढं काही सापडलं. ते सौम्य जातीचं होतं. ज्यांना आपण ‘थांबा डॉक्टर’ म्हणायचो ते काय म्हणाले ते मला शब्दन् शब्द पाठ आहे. “असली कणी घेऊन कितीतरी माणसं म्हातारी होतात आणि दुसऱ्याच कशानं तरी जातात. त्यांना आयुष्यभर पत्ताही लागत नाही. आपण तपासलं म्हणून ती दिसली. सहा-सहा महिन्यांनी बघत राहू. तुमचा दोषाचा रिपोर्ट येऊ दे. दोष निघाला तर मग पुढचा विचार करू.”

बाहेरच्या बाकावर बसून तू म्हणालास, “असू दे ना दादा. पडून राहू दे त्याला तिथं.” अगदी तुझ्या तलावावरच्या आवाजात. पाण्याला भिणाऱ्या मोठ्या माणसांना तू शिकवायचास ना, “हातपाय मारू नका, अंग सोडा, पाणी धरतं.” मला मात्र तुला कधी शिकवता आलं नाही. मी पाण्यात पाऊल टाकलं की हातपाय मारायला सुरुवात.

तेव्हाही मारले. म्हणालो, “बाबांचंही पडूनच होतं.”

दुसऱ्या आठवड्यात मी तुला दुसऱ्या सर्जनकडे नेलं. वडील यानंच गेले, मोठ्या भावात दोष आहे, असं मीच सांगितलं. तोही म्हणाला, घरात एवढं असेल तर काढलेलं बरं. इथपर्यंतचं तुला ठाऊक आहे. इथून पुढचं ठाऊक नाही.

दादा

२३ जानेवारी

प्रिय धाकट्या,

हे पत्र मी चार वेळा लिहून फाडलं. हे पाचवं. आता फाडणार नाही, कारण तुझी वहिनी समोर बसून लसूण सोलते आहे आणि मी उठलो की विचारते, “झालं?”

आपल्या छापखान्यातले फोरमन तुला आठवतात? तू दोन वर्षं माझ्यासमोर बसून मूळ प्रत मोठ्यानं वाचायचास आणि मी प्रुफावर बोट फिरवायचो. “राजा म्हणाला स्वल्पविराम अवतरण सुरू.” तुझ्या त्या वाचण्यावर सगळे हसायचे. फोरमनचा एक नियम होता, एका पानात तीन चुका सापडल्या तर चौथी असतेच, ती सापडेपर्यंत पान सोडायचं नाही. त्या नियमावर मी तीस वर्षं भाकरी खाल्ली.

तुझ्या दोषाचा रिपोर्ट ऑपरेशनच्या आठ दिवस आधी आला होता.

पत्ता माझा होता. “कागदपत्रं तू बघ, मला त्यातलं काही कळत नाही,” असं म्हणून तूच दिला होतास. मी पाकीट फोडलं आणि पहिल्याच ओळीत तुझ्या नावातला ऱ्हस्व उकार दीर्घ केलेला दिसला. वय त्रेपन्नच्या जागी पस्तीस, म्हणजे आकड्यांची अदलाबदल. तारखेत महिना चुकलेला. झाल्या तीन. मी लाल पेन्सिल घेतली, तिन्ही चुकांना गोल केले, समासात खुणा केल्या. सवय मेली. मग शेवटची ओळ आली. ‘दोष आढळला नाही.’

धाकट्या, मला ती चौथी चूक वाटली.

शपथेवर सांगतो, तेव्हा मनापासून वाटली. ज्यांना तुझं वय नीट छापता येत नाही त्यांना तुझं रक्त काय नीट वाचता येणार? ‘नाही’ हा शब्द चुकून पडला असणार, मागच्या कुणाच्या तरी कागदावरचा राहून गेला असणार. मी बाबांकडे, माझ्याकडे, तुझ्याकडे बघून ठरवून टाकलं होतं की मजकूर काय असायला हवा. मुद्रितशोधकानं हे कधी करायचं नसतं, हे मी नव्या लोकांना शिकवायचो. समोर काय आहे ते वाचा, काय असायला हवं ते वाचू नका.

मी लॅबला चिठ्ठी लिहिली, दुरुस्त प्रत पाठवा. आणि तू विचारलंस तेव्हा म्हणालो, “रिपोर्ट यायचाय. पण थांबायचं कशाला?” सर्जनलाही तेच सांगितलं.

दुरुस्त प्रत आली तेव्हा तुझ्या ऑपरेशनला वीस दिवस झाले होते. नावातला उकार बरोबर होता, वय त्रेपन्न होतं, तारीख बरोबर होती. शेवटच्या ओळीत ‘नाही’ जागच्या जागी होतं. त्यांनी रक्त वाचलं होतं. मी नुसतं प्रूफ वाचलं होतं.

त्याच संध्याकाळी मी तुझ्याकडे आलो. तू पलंगावर उशीला टेकून बसला होतास, खाली नळीची पिशवी नुकतीच काढलेली, आणि लहान मुलासारखा घाबरलेला होतास, कारण लघवी थांबत नव्हती. तू विचारलंस, “दादा, रिपोर्ट आला का?” तेव्हा खरं सांगायला मला एक शब्द पुरला असता. मी म्हणालो, “आला. आहे.”

तू डोळे मिटलेस आणि म्हणालास, “असू दे. मग बरं झालं काढलं ते.”

ते ‘असू दे’ मी तुझ्याकडून खोटं बोलून उकळलं. त्याच्यावर तू पुढचे दिवस काढलेस. तलावात उतरणं बंद झालं. ज्या तलावात लोक तुला ‘मास्तर’ म्हणायचे त्याच्या तिकिटाच्या खिडकीत तू बसायला लागलास. पिशवीत कायम जादा पँट. तुझी बायको माझ्या बायकोजवळ जे बोलली ते मी दाराआडून ऐकलं, ते इथं लिहीत नाही. आणि वर्षानं एकदा जेवता जेवता तू म्हणालास, “दादा, मी तेव्हा थांबू या म्हणत होतो रे.” तू भांडत नव्हतास. तू नुसतं बोललास. आणि मी काय म्हणालो? “जिवंत आहेस ना?”

तू पान तसंच सोडून उठलास. तेव्हापासून आपण बोललो नाही. तुला वाटतं की माझ्या त्या तीन शब्दांमुळे. त्या शब्दांच्या आत काय होतं ते आज कळलं असेल.

आणखी एक कबूल करतो, नाहीतर हेही पत्र अर्धंच खरं व्हायचं. मी आपणहून लिहीत नाहीये. दोन्ही रिपोर्ट मी शब्दकोशात ठेवले होते, ‘न’च्या पानांत. गेल्या महिन्यात तुझी वहिनी शब्दकोड्यासाठी एक शब्द बघायला गेली आणि ते तिच्या मांडीवर पडले. तिनं दोन्ही वाचले. चष्मा काढून पुसला, परत वाचले. मग म्हणाली, “जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरलंत. आता स्वतःची काढा. जानेवारीअखेरपर्यंत तुम्ही सांगा, नाहीतर मी जाऊन सांगते.” बारकीचं कळल्यावर तर ती माझ्याशी कामापुरतंच बोलते.

इथं एक ओळ लिहून खोडली आहे. ती वाचू नकोस.

दोन्ही कागद सोबत जोडले आहेत, लाल खुणांसकट. बारकीला दे. तुझ्यातच दोष नाही तर तुझ्याकडून तिच्यात येण्याचा प्रश्न नाही. माझ्या शब्दावर विश्वास ठेवा असं म्हणायचं तोंड मला नाही, म्हणून तिला कागद घेऊन सल्लागार बाईंकडे जाऊ दे. बाईंच्या दप्तरात मूळ नोंद असेल. त्या मुलाला तिनं हो म्हणावं की नाही हे तिचं ती ठरवील, पण माझ्या खोट्यावरून ठरवू नये.

दादा

२ फेब्रुवारी

प्रिय धाकट्या,

तिसरं पत्र पोचलं का, एवढंच कुणाच्या तरी हाती कळव. टपालात गहाळ झालं असेल तर मी पुन्हा लिहीन. पुन्हा लिहायला लागलं तर ती शिक्षा म्हणून योग्यच आहे.

तुला कळवायचं नव्हतं, पण आता काही लपवायचं नाही असं ठरवलंय. माझा आकडा वाढलाय. दर सहा महिन्यांनी तपासतो, इतकी वर्षं शांत होता. या खेपेला चढला. मागच्या सोमवारी माझेही बारा तुकडे काढले. थांबा डॉक्टर म्हणाले, “तुमच्यात दोष आहे, त्यामुळे तुमचं गणित वेगळं. काय निघतंय ते बघू आणि मग बोलू.” म्हणजे दोष माझ्यात, आणि आजवर अंग शाबूत माझं. तुझ्यात दोष नव्हता आणि कापलं तुला. हे लिहून वाईट वाटणं कमी होत नाही.

रिपोर्टचं पाकीट पंधरा दिवसांत घरी येईल. तुझी वहिनी म्हणते, “मी नाही फोडणार. तुमचं तुम्ही बघा.” मला खरं तर वाचायची भीती नाही. तिथं काय लिहिलंय ते सोडून मी भलतंच वाचीन, याची भीती आहे. डोळ्यांवरचा विश्वास उडालाय, आणि ते काही चष्म्यानं भरून येणारं नाही.

दया दाखव म्हणून हे लिहिलेलं नाही. म्हणजे, थोडं तसंही असेल. माझं मलाच कळत नाही.

दादा

११ फेब्रुवारी

दादा,

तुझी चारही पत्रं मिळाली. पहिली दोन मी न फोडता तिकिटाच्या खिडकीतल्या खणात टाकली होती. तिसरं जाड लागलं म्हणून फोडलं. नसतं फोडलं तर बरं झालं असतं, असं पुढचे दोन दिवस वाटत होतं. त्या दोन दिवसांत काय काय झालं ते लिहीत नाही. बायकोनं चप्पल लपवून ठेवली होती माझी, तुझ्या घराकडे निघालो होतो म्हणून. नाहीतर वहिनीला मध्ये पडावं लागलं असतं.

बारकीला कागद दिले. तिनं दोन्ही शेजारी शेजारी ठेवून वाचले आणि म्हणाली, “बाबा, म्हणजे तुमचं ते उगाचच...” मग सल्लागार बाईंकडे जाऊन आली. कागद खरे आहेत. आता ती त्या शिक्षकाशी पुन्हा बोलायला लागलीय, पण त्यानं अजून हो-नाही केलेलं नाही. चार महिने नीट छळलंय त्याला तिनं. घेईल थोडा भाव खाऊन.

‘उगाचच’ हा शब्द मी थांबा डॉक्टरांकडे घेऊन गेलो. ते म्हणाले, कणी खोटी नव्हती, पण ती पुढे काय करणार होती हे आता कुणीच छातीठोक सांगू शकत नाही. बहुतेक काहीच नाही. मी त्यांना दोनदा विचारलं आणि ते दोनदा ‘बहुतेक’ म्हणाले. दादा, दोष होता म्हणून कापलं, या आधारावर मी चार वर्षं काढली. रोज पँट बदलताना स्वतःला तेच सांगायचो. आता तो आधार तू काढून घेतलास, आणि राहिलेली वर्षं मला त्या ‘बहुतेक’वर काढायची आहेत. तुला हे कळावं म्हणून लिहिलं.

तिसऱ्या पत्रात तुझ्या शुद्धलेखनाच्या नऊ चुका आहेत. मी दोनदा मोजल्या, तुझ्या हातून नऊ होतील यावर विश्वास बसेना. त्या मी दुरुस्त केलेल्या नाहीत.

जी ओळ खोडून ‘वाचू नकोस’ म्हणालास, ती मी कागद खिडकीच्या काचेला लावून वाचली. माणसाला वाचू नको म्हटलं की तो वाचणारच, हे तुला कळायला हवं होतं. ‘भीती माझी होती, आणि ती मी तुझ्या अंगातून कापून काढली.’ चारही पत्रांत एवढं एकच वाक्य मला पटलं, आणि नेमकं तेच तू खोडलंस. पत्र परत पाठवतोय. त्या ओळीखाली मी टिंबं दिली आहेत आणि समासात आपल्या छापखान्याच्या पद्धतीनं लिहिलंय, खोडलेलं परत घ्यायचं असेल तेव्हा तू लिहायचास तसं. ‘असू दे.’

हे छापखान्यातलं ‘असू दे’ आहे, दादा. घरातलं अजून जमत नाही. कधी जमेल सांगता येत नाही.

तुझं पाकीट आलं की फोडू नकोस. मंगळवारी तलाव बंद असतो, मी घरीच आहे. घेऊन ये. पूर्वीसारखा समोर बस. मी मोठ्यानं वाचीन, स्वल्पविराम, पूर्णविरामासकट. ‘आहे’ असेल तिथं ‘आहे’ म्हणेन, ‘नाही’ असेल तिथं ‘नाही’. तू नुसतं ओळीवर बोट ठेव.

लाल पेन्सिल घरी ठेवून ये.

धाकटा